काम अडलंय तिथं चहा

आमच्या दूध संघात काम कुठं अडलंय हे कळायला रिपोर्ट वाचावा लागत नसे. सकाळी चाचांची स्कूटर कुठं उभी आहे तेवढं बघायचं. स्कूटरच्या फळीवर, दोन पायांच्या मध्ये, चहाची मोठी अ‍ॅल्युमिनियमची किटली असायची आणि हँडलला लोखंडी घडीचं स्टूल अडकवलेलं. किटली बॉयलरपाशी उतरली की समजायचं, बॉयलरचं काहीतरी अडलंय. अकाउंट खात्याच्या दारात उतरली की तिथल्या लोकांचे चेहरेही उतरायचे.

नियम एकच होता. चहा ऑफिसात मिळणार नाही. काम जिथं अडलंय तिथं मिळेल, आणि त्या कामाशी ज्याचा ज्याचा संबंध आहे त्यानं तिथं येऊन, उभ्या उभ्या प्यायचा. मग तो साहेब असो नाहीतर हमाल. बसायला स्टूल फक्त चाचांना. "माझे गुडघे फौजेनं खाल्ले," असं सांगायचे. फौजेत ते एक दिवसही नव्हते. भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन सुपरवायझर होते, तिथून रिटायर झाले आणि आमच्या संघानं त्यांना कंत्राटावर प्रकल्प अधिकारी म्हणून घेतलं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे चाचा स्वतः चहा पीत नसत. पित्त होतं म्हणायचे. चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून कप हातात धरून बसायचे आणि शेवटी जवळ जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे. "घे, तुझा दुसरा."

त्यांना केबिन मिळाली होती. दारावर नावाची पाटीसुद्धा होती. ती केबिन त्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरांना डबा खायला देऊन टाकली. त्यामुळे प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलावर कायम शेंगदाण्याच्या चटणीचा वास असायचा. कुणी "साहेब" म्हणून हाक मारली की हे मागं वळून बघायचे, साहेब कोण आलाय ते. मग सगळेच चाचा म्हणायला लागले. एमडी साहेबसुद्धा. फक्त मीटिंगमध्ये ते "आपले प्रकल्प अधिकारी" म्हणायचे, आणि तेव्हा त्यांच्या आवाजात थोडा कडवटपणा असायचा.

त्याला कारणही होतं. एकदा बँकेचे अधिकारी कर्जाच्या पाहणीला आले. एमडी साहेबांनी कॉन्फरन्स रूम लावून घेतली, काजू मागवले. चाचांनी पाहुण्यांना गेटवरनंच उचललं आणि थेट सांडपाण्याच्या नाल्यावर नेलं, कारण त्या दिवशी नाला तुंबला होता आणि चहा तिथं होता. बँकेचा माणूस एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं चहा पितोय हे मी डोळ्यांनी बघितलंय. एमडी साहेब लालबुंद. चाचा म्हणाले, "तुम्हाला दाखवायचंय काय, काजू का कारखाना?" नाला त्याच दिवशी मोकळा झाला. कर्जही मिळालं, पण ते चाचांमुळे मिळालं असं मी म्हणणार नाही. बँकेच्या माणसानं पुन्हा कधी आमच्याकडं चहा घेतला नाही, एवढं खरं.

मी तेव्हा नुकतीच लागले होते. प्रकल्प सहायक. नोकरी अजून कच्ची होती. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. राहुरीला खोली करून राहिले, हातानं भाकरी करून खाल्ली आणि बीएस्सी झाले. हे मी कुणालाही सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. चाचांना ते आवडायचं. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय बीएस्सी, आज कुठं अडलंय?" एवढ्यानंच दिवस सुरू व्हायचा.

त्यांच्यासमोर एक वाक्य म्हणायची बंदी होती. "होऊन जाईल." हे कुणी म्हणालं की चाचा लगेच विचारायचे, "कोण?"

"कोण म्हणजे, चाचा?"

"होऊन जाईल म्हणतोस. करणार कोण? आपल्याकडं सगळी कामं आपोआप होतात असं दिसतंय. मग पगार तरी आपोआपच होऊ दे. कुणी काढायला नको."

दुसरी सवय याहून जाचक. वरनं एखादा हुकूम सुटला की दोन दिवसांनी ते मला अगदी शेवटच्या माणसाकडं पाठवायचे. "आपण काय सांगितलं ते सोड. त्यानं काय ऐकलं ते घेऊन ये." एकदा मुख्य ऑफिसातून पत्र निघालं, की दुधात जंतू जास्त सापडताहेत, सगळे कॅन गरम पाण्यानं धुवावेत. मी एका गावच्या संकलन केंद्रावर गेले. तिथला माणूस कॅनला बाहेरून राख लावून चकाचक घासत बसलेला.

"हे काय चाललंय?"

"पाव्हनं येनार हायत ना वरून? क्यान चमकवा म्हनून निरोप आलाय."

मी परत येऊन सांगितलं. मला वाटलं चाचा चिडतील. ते पोट धरून हसले. मग म्हणाले, "बेटा, वरून खाली काम जात नाही. निरोप जातो. काम नेहमी खालून वर येतं. निरोप वाटेत सांडला की खाली राख घासत बसतात."

भिंगारला बाजाराच्या मागं त्यांचं घर होतं. ईदला मी गेले होते. शिरखुर्मा खाल्ला, आणि चाचींनी चहा आणला तो थेट न्हाणीघराच्या दारात नेऊन ठेवला. म्हणाल्या, "या ताई, इकडं बसा. आमचा नळ कधीचा गळतोय. तुमचे चाचा साऱ्या जिल्ह्याची कामं करतात ना? आज आपण पण अडल्या कामापाशीच चहा घेऊ." चाचांनी मुकाट्यानं पान्हा काढला. मला एवढं समाधान क्वचित मिळालं असेल.

आता त्या कोनशिलेचं सांगते.

आमचं गाव नगरच्या पूर्वेला, जिथनं मराठवाड्याचं वारं लागतं. पाट्यांवर आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्याकडं अजून "नगरला जाऊन येतो" असंच म्हणतात. जिरायती मुलूख. गाई हाच आधार. पण संघाचा टेम्पो सकाळचंच दूध न्यायचा. संघाच्या प्लांटपर्यंत वाट लांबची, आणि संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवलं तर नासायचं. म्हणून संध्याकाळच्या धारेला आमच्याकडं किंमत नव्हती. ते तापवायचं, विरजायचं, खवेवाला देईल त्या भावाला घालायचं. माझ्या आईनं सारा जन्म अर्ध्याच दुधाचे पैसे बघितले.

यावर उपाय म्हणून संघानं आमच्या गावाच्या माळावर शीतकरण केंद्र मंजूर केलं. म्हणजे एक इमारत, आत दूध गार ठेवणारी स्टीलची मोठी टाकी, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळचं संकलन. टाकी आली. इमारत झाली. चेअरमन साहेबांच्या हस्ते फीत कापली, पेढे वाटले, दाराशेजारच्या भिंतीवर त्यांच्या नावाची संगमरवरी कोनशिला बसली. आणि दाराला कुलूप लागलं. मी नोकरीला लागले तेव्हा ती टाकी बाहेर ताडपत्रीखाली उभी होती आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मीटिंगमध्ये मात्र दर वेळी एकच ओळ वाचली जायची, 'बहुतांश काम पूर्ण, उर्वरित प्रगतीपथावर.'

त्या हिवाळ्यात संचालक मंडळानं ठरवलं, की उन्हाळ्याच्या आत केंद्र सुरू झालं नाही तर टाकी राहात्याकडच्या बागायती गावांना द्यायची. तिकडं दूध भरपूर, रस्ते चांगले, माणसं हुशार. आमच्या गावाला तिची कदर नाही, असं कुणीतरी बोललंसुद्धा. मला ते लागलं. टाकी गेली असती तर पुन्हा आमच्याकडं कुणी फिरकलं नसतं.

चाचांनी किटली आमच्या माळावर आणली. पूर्ण फेरी मारली. मग बांधकामाचे इंजिनिअर साहेब, गवंडी आणि एमडी साहेब, तिघांच्या हातात कप देऊन एकेकाला विचारलं, "तुमचं काम झालं?" इंजिनिअर म्हणाले, इमारत पूर्ण. गवंडी म्हणाला, गिलावा-रंगासकट पुरा. एमडी म्हणाले, खरेदी पूर्ण, मंजुऱ्या पूर्ण.

"सगळ्यांचं काम झालं," चाचा म्हणाले. "मग दूध कुठंय?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. टाकी दारातून आत जात नव्हती.

झालं असं होतं. आधी लहान टाकी घ्यायची ठरली होती, दार त्या मापाचं. मग गावं वाढली म्हणून खरेदी खात्यानं मोठी टाकी मागवली. चांगलंच केलं. पण नकाशा आधीच मंजूर झाला होता, आणि मंजूर नकाशाला कुणी हात लावला नाही.

चाचा गवंड्याला म्हणाले, "तू दार बांधत होतास तेव्हा टाकी इथंच उभी होती ना?"

"व्हती की."

"दिसत नव्हतं बसणार नाही ते?"

"दिसत व्हतं. पन नकाशात एवढंच दार व्हतं. आमी काय, नकाशावर चालतो."

"आणि हे म्हणतात इंजिनिअर, की आम्ही मंजुरीवर चालतो. आंधळ्यांची माळ आहे ही. पुढच्याच्या खांद्यावर हात."

इलाज सोपा होता, भिंत पाडून टाकी आत घ्यायची. पण मागं टेकाड, एका बाजूला विजेचं पॅनल, दुसऱ्या बाजूला कॉम्प्रेसरचा चौथरा. पाडायला जागा एकच, समोरची, दाराला लागून. आणि तिथं चेअरमन साहेबांचं नाव.

"हे वर कुणी सांगितलं का?" चाचांनी विचारलं. तिघेही म्हणाले, सांगितलं. मग चाचांनी त्यांना ओळीनं उभं केलं. एमडी साहेबांनाही. "ज्यानं ज्याला जे सांगितलं तेच बोलायचं. शब्द बदलायचा नाही."

गवंडी म्हणाला, "मी इंजिनिअर सायबाला म्हनलो, भित पाडाया लागंल."

इंजिनिअर साहेबांनी घसा साफ केला. "मी एमडी साहेबांना लिहिलं, संरचनेत किरकोळ फेरबदल अपेक्षित."

एमडी साहेब आकाशाकडं बघत म्हणाले, "मी चेअरमन साहेबांना सांगितलं, थोडी तांत्रिक अडचण आहे."

"आणि चेअरमन काय समजले?"

एमडी साहेब म्हणाले, "टाकी खराब आली. तेव्हापासून ते कंपनीवाल्यांना झापताहेत."

चाचा हसले नाहीत. ते म्हणाले, "पाहिलंत? कुणीच खोटं बोललं नाही. नुसती धार थोडी थोडी कमी करत गेलात, वर पोहोचेपर्यंत सुरी लाकडाची झाली."

चेअरमन साहेबांना खरं कोण सांगणार, हा प्रश्न आला. चाचा माझ्याकडं बघून म्हणाले, "मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा सटकलाय. ज्याचं दूध अडलंय त्यानं सांगावं. बीएस्सी, तुझ्या घरचं दूध आहे."

इंजिनिअर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुमची नोकरी अजून कच्ची आहे. कशाला नसतं अंगावर घेता?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, त्यांनाही दोन लेकरं होती. पण मला वाटलं, मी शिकले ती काय 'किरकोळ फेरबदल' लिहायला?

आठवड्यानं चेअरमन साहेब आमच्या बाजूला एका लग्नाला आले. चाचांनी वाटेतच गाडी थांबवली. म्हणाले, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही. डोक्यावर गुलाबी फेटा, गळ्यात हार, अशा थाटात चेअरमन माळावर उतरले. माणूस कष्टातून वर आलेला, पण त्यांच्यासमोर सरळ बोलायची सवय कुणालाच राहिली नव्हती. कप त्यांच्या हातात गेला आणि चाचांनी मला नजरेनं खुणावलं.

मी बोलले. "साहेब, टाकी खराब नाही. दार लहान आहे, ती आत जात नाही. ही भिंत पाडावी लागेल. तिच्यावर तुमच्या नावाची कोनशिला आहे, म्हणून तुम्हाला कुणी सांगत नाही. उन्हाळ्याच्या आत हे झालं नाही तर टाकी जाईल आणि आमचं संध्याकाळचं दूध कायमचं घरीच राहील."

चेअरमन म्हणाले, "कुणाची गं तू?"

मी बापाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. "पण बोलतेय ती संघाची प्रकल्प सहायक म्हणून."

ते इंजिनिअर साहेबांकडं वळले. "ही म्हणते ते खरंय?"

"म्हणजे साहेब, तसं बघितलं तर... होऊन जाईल साहेब."

"कोण?" चाचा स्टुलावरनं म्हणाले.

चेअरमन एकदम कडाडले. "अरे, मी त्या कंपनीच्या माणसाला फोनवर शिव्या घालतोय इतके दिवस! त्याची माफी आता तुम्ही मागणार का मी?" मग ते भिंतीजवळ गेले. कोनशिलेवरची धूळ रुमालानं पुसली. नाव वाचलं. माणसाला आपलं नाव आवडतंच, त्यात त्यांचं काय चुकलं. हळूच म्हणाले, "काढा. पण नीट काढा. फुटू देऊ नका." आणि गाडीत बसले.

गवंड्यानं पार तिसऱ्या प्रहरापर्यंत छिन्नीनं कडा सोडवल्या. आपल्याच हातानं पक्की बसवलेली, ती कशी निघते? शेवटचा कोपरा सुटता सुटता फरशीनं कटकन आवाज केला आणि ती बरोबर नावातून दुभंगली.

गवंडी कपाळाला हात लावून बसला. एमडी साहेबांचा फोन बंद. मी चाचांकडं बघितलं. त्यांनी या वेळी मला खूण केली नाही. तेवढ्यात इंजिनिअर साहेबांनी खिशातून फोन काढला. घामानं त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी स्पीकर लावला, का ते त्यांनाच माहीत.

"साहेब, कोनशिला फुटली. माझ्यासमोर फुटली. नावातूनच गेली."

पलीकडं लग्नाचा बँड वाजत होता. मग चेअरमनचा आवाज आला. "टाकी आत गेली का?"

"भिंत आता पाडतोय. अंधाराच्या आत जाईल. मी इथंच थांबतोय."

"मग फोन कशाला धरून बसलाय? पाडा."

फोन ठेवल्यावर इंजिनिअर साहेब एकटेच हसत होते, पोर पहिल्यांदा विहिरीत उडी मारून वर आल्यावर हसतं तसे. नंतर मी त्यांच्याबरोबर पुष्कळ कामं केली. 'किरकोळ' हा शब्द त्यांनी पुन्हा कधी लिहिलेला मला आठवत नाही. आणि माझी नोकरीही पक्की झाली, ज्यांना काळजी होती त्यांच्यासाठी सांगते.

भिंत पुन्हा उभी राहिली, वीज जोडली, टाकी चालू झाली. उन्हाळा तोंडावर होता. सुरू करायच्या दिवशी सकाळचं दूध नेहमीसारखं आलं. खरी परीक्षा संध्याकाळची. आम्ही सगळे दारात उभे. एमडी साहेब, इंजिनिअर साहेब, सगळे. आत टाकी गार होऊन घुमत होती. धारा काढायची वेळ झाली, टळायला लागली. एकही माणूस येईना.

एमडी साहेब म्हणाले, "ग्रुपवर मेसेज तर कालच टाकलाय. गावातून किती अंगठे आलेत बघा."

चाचांनी मला विचारलं, "बीएस्सी, तुमच्याकडं धार कोण काढतं?"

"बाया."

"त्या ग्रुपवर बाया किती?"

मी फोन बघितला. सगळे बाप्ये. एकही बाई नाही.

चाचांनी कपाळावर हात मारला. मी त्यांना इतकं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. "वर सांगायच्या नादात खालचंच राहिलं. आणि ते माझं राहिलं, दुसऱ्या कुणाचं नाही. पळ बेटा."

मी पळाले. बीएस्सी झालेली, नोकरीतली बाई, पदर खोचून पांदीतनं पळत सुटले. घरी आई गॅसपुढं उभी होती. चरवीतलं दूध पातेल्यात ओतणार, तोच मी तिचा हात धरला.

"आई, ओतू नको. केंद्र सुरू झालं. संध्याकाळचं घेतायत."

"आगं, मागं बी सुरू झालं व्हतं की. पेढं खाल्लं न्हाईत का आमी?"

"आता खरंच झालंय."

"कोन म्हनतं?"

"मी म्हणतेय. टाकीला हात लावून आले. गार आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. अंगावर धूळ, छातीचा भाता झालेला. "तू हात लावलास?"

"लावला."

आईनं गॅस बंद केला. चरवी कमरेवर घेतली, पायात चपला सरकवल्या आणि मला मागं टाकून गल्लीत गेली. माळाकडं जायची वाट सरळ होती, पण ती सरळ गेली नाही. दारादारापुढं थांबत, आवाज चढवत निघाली, "आगं ए, गॅस बंद करा! दूध तापवू नका गं! माळावर चला, माझी लेक सांगतीय, दूध तापवू नका!"